सेक्युअर बूट बंद असेल तर वेबसाइट प्रवेश नाकारू शकते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आज एखादी साधी वेबसाइट माझ्या संगणकातील सेक्युअर बूट चालू आहे की बंद, हे पाहू शकते का?

नाही. वेबसाइटला ब्राउझरमार्फत पडद्याचा आकार, प्रोसेसरच्या कोअरची संख्या, ग्राफिक्स कार्डाचे नाव, तुमची भाषा अशा बऱ्याच गोष्टी कळतात. पण सेक्युअर बूटची, म्हणजे संगणक सुरू होताना सुरुवातीचा प्रोग्रॅम विश्वासू आहे का हे तपासणाऱ्या सोयीची, स्थिती सांगणारी कोणतीही सोय वेबच्या मानकांमध्ये नाही. ही स्थिती यूईएफआय फर्मवेअरमधील (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरमधील) एका व्हेरिएबलमध्ये नोंदलेली असते. ऑपरेटिंग सिस्टिमला ती वाचता येते, परंतु वेबपानावरील जावास्क्रिप्ट ज्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे बंदिस्त कक्षेत, चालते, तेथून तिथपर्यंत पोहोचण्याची वाट नाही.

मात्र एखाद्या सेवेने तुम्हाला आपला स्वतंत्र प्रोग्रॅम संगणकावर बसवायला लावला असेल, तर गोष्ट वेगळी होते. विंडोजच्या रजिस्ट्रीत ही नोंद असते आणि कोणताही बसवलेला प्रोग्रॅम ती वाचून आपल्या सर्व्हरला कळवू शकतो. ऑनलाइन परीक्षेच्या वेळी निरीक्षणासाठी बसवायला सांगितलेले सॉफ्टवेअर किंवा ब्राउझरच्या एक्स्टेन्शनला जोडलेला मदतनीस प्रोग्रॅम या वर्गात मोडतो. “आम्ही फक्त ब्राउझर वापरतो” असे म्हणताना आपण खरोखर फक्त ब्राउझरच वापरत आहोत ना, हे म्हणूनच एकदा पाहून घ्यावे.

सेक्युअर बूट नेमके काय करते?

संगणक सुरू होताना फर्मवेअर सर्वप्रथम बूटलोडरला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, हाक मारते. सेक्युअर बूट चालू असेल, तर त्या बूटलोडरवर विश्वासू यादीतील एखाद्या किल्लीची डिजिटल स्वाक्षरी आहे का, हे फर्मवेअर तपासते. स्वाक्षरी नसेल किंवा ती फाइल रद्द केलेल्यांच्या यादीत असेल, तर ती चालवण्यास नकार देते. ही व्यवस्था यूईएफआयच्या 2011 मधील 2.3.1 या आवृत्तीत आली आणि 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर घरोघरी पोहोचली. बहुतेक संगणकांच्या विश्वासू यादीत मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या आधीपासूनच असतात.

यात बाहेरच्या कोणालाही काही कळवण्याचा भाग नाही. सेक्युअर बूट ही संगणकाच्या मालकाच्या बाजूने चाललेली, संगणकाच्या आतच संपणारी तपासणी आहे. वेबसाइटच्या दारावरील अडवणुकीचा प्रश्न उद्भवतो तो या तपासणीचा निकाल परक्या सर्व्हरला पटेल अशा रीतीने सिद्ध करण्याची सोय तिच्याशी जोडली गेली की. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर या विषयावरील चर्चा हमखास भरकटते.

ब्राउझरने ही माहिती स्वतःहून सांगायला सुरुवात केली तर?

नुसत्या सांगण्याला किंमत राहणार नाही. ब्राउझर तुमच्या संगणकावर चालतो. त्याचा कोड बदलून “सेक्युअर बूट चालू आहे” असे कायमचे उत्तर देणारी आवृत्ती तयार करणे मुळीच कठीण नाही. आपला ब्राउझर कोणता हे सांगणारी ओळ बदलून लोक वर्षानुवर्षे वेबसाइटना हवे ते सांगत आले आहेत. त्यामुळे वेबसाइटला खात्री हवी असेल, तर उत्तरावर अशा कोणाची तरी स्वाक्षरी लागते ज्याच्यावर संगणकाच्या मालकाचाही ताबा नाही. ते काम टीपीएम नावाची चिप करू शकते आणि या प्रक्रियेला दूरस्थ साक्षांकन म्हणतात.

टीपीएम हे साक्षांकन कसे करते?

टीपीएम 2.0 मध्ये पीसीआर नावाची रजिस्टरे असतात. संगणकांवर ती सहसा 24 असतात. संगणक सुरू होताना प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचा हॅश (त्याच्या कोडवरून गणिताने काढलेला ठसा) काढतो आणि तो टीपीएमकडे सोपवतो. टीपीएम तो हॅश रजिस्टरमध्ये थेट लिहीत नाही. आधीची किंमत आणि नवा हॅश एकत्र जोडून त्यांचा पुन्हा हॅश काढते आणि तो साठवते. त्यामुळे एकदा नोंद झालेली गोष्ट संगणक पुन्हा सुरू केल्याशिवाय पुसता येत नाही, आणि शेवटची किंमत अमुकच यावी म्हणून मधले टप्पे बेमालूम बदलताही येत नाहीत. सेक्युअर बूटची स्थिती आणि त्यात वापरलेल्या किल्ल्या यांची नोंद सातव्या क्रमांकाच्या पीसीआरमध्ये होते.

आता सर्व्हर एक ताजी, यादृच्छिक संख्या पाठवतो. टीपीएम ती संख्या आणि पीसीआरच्या किमती एकत्र करून त्यावर आपल्या आतील किल्लीने स्वाक्षरी करते. ही किल्ली चिपबाहेर कधीच येत नाही. ती खऱ्या टीपीएममधीलच आहे हे चिप बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या प्रमाणपत्रावरून पडताळता येते, आणि संख्या ताजी असल्यामुळे कालचे उत्तर आज पुन्हा दाखवता येत नाही. सर्व्हरला एवढे मिळाले की “या संगणकात सेक्युअर बूट चालू आहे” हे विधान त्याच्या दृष्टीने केवळ तुमचे म्हणणे राहत नाही. अर्थात चिपमध्येच दोष असेल तर सारेच ढासळते. एएमडीच्या फर्मवेअर टीपीएममधून गुप्त माहिती काढून घेता येते हे संशोधकांनी 2023 मध्ये दाखवले होते.

म्हणजे तंत्र हाताशी आहे. मग वेबवर ते अजून का आले नाही?

याला बरीच कारणे आहेत आणि त्यांतील काही आपल्या दृष्टीने सुदैवाची आहेत.

सर्वांत मोठे कारण म्हणजे संगणकांमधील प्रचंड वैविध्य. असंख्य मदरबोर्ड, त्यांच्या फर्मवेअरच्या निरनिराळ्या आवृत्त्या, विश्वासू आणि रद्द किल्ल्यांच्या वेगवेगळ्या याद्या यांमुळे दोन प्रामाणिक संगणकांच्या पीसीआर किमतीही सहसा जुळत नाहीत. सातव्या पीसीआरपुरते बोलायचे तर त्यात रद्द यादीचीही नोंद होत असल्याने, एक अपडेट आले की किंमत बदलते. मायक्रोसॉफ्टच्या 2011 च्या सेक्युअर बूट प्रमाणपत्रांची मुदत जून 2026 पासून संपू लागते. त्यामुळे संगणक सुरू होणे थांबत नाही, परंतु जुन्या आणि नव्या प्रमाणपत्रांचे संगणक दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदणार. सार्वजनिक वेबसाइटला या सर्वांचा अर्थ लावत बसणे परवडणारे नाही. रजिस्टरांच्या किमतींसोबत येणारी घटनांची नोंदवही वाचून निर्णय देणारा कोणीतरी मध्यस्थ तिला लागेल.

दुसरे कारण खाजगीपणाचे. प्रत्येक टीपीएमची मूळ किल्ली एकमेव असते. ती वेबसाइटसमोर ठेवली, तर कुकी पुसून, ब्राउझर बदलून, अगदी ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवूनही तुमची ओळख लपणार नाही. यावर उपाय म्हणून निनावी साक्षांकनाच्या पद्धती दोन दशकांपूर्वीच मांडल्या गेल्या, पण सर्वसामान्य वापरात त्या रुजल्या नाहीत. व्यवहारात मध्यस्थ सर्व्हरवरच भिस्त ठेवली जाते आणि मग कोणत्या संगणकाला प्रामाणिक म्हणायचे, हे तो मध्यस्थ ठरवतो.

आणि तिसरे कारण ग्राहकांचे. सेक्युअर बूट बंद असलेल्या किंवा मुळातच नसलेल्या संगणकांवरून येणारे लोक दारातून परत पाठवणे आजवर कोणत्याही सार्वजनिक वेबसाइटच्या हिताचे नव्हते. हे तिसरे कारण सर्वांत लवकर विरघळणारे आहे. 5 ऑक्टोबर 2021 रोजी आलेल्या विंडोज 11 ने टीपीएम 2.0 आणि सेक्युअर बूटची क्षमता या गोष्टी किमान गरजांमध्ये घातल्या आणि तेव्हापासून विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक विंडोज संगणक ही अट पूर्ण करूनच बाजारात येतो. बाहेर राहणाऱ्यांची संख्या जितकी घटेल, तितके त्यांना वगळणे स्वस्त होईल.

वेबसाठी असा प्रयत्न कधी झाला आहे का?

झाला आहे. 2023 मध्ये गूगलच्या काही अभियंत्यांनी “वेब एन्व्हायर्न्मेंट इंटिग्रिटी” नावाचा प्रस्ताव मांडला. वेबसाइटने ब्राउझरकडे साक्षांकन मागायचे, ब्राउझरने ते उपकरणावरील साक्षांकन करणाऱ्या व्यवस्थेकडून आणायचे आणि स्वाक्षरी केलेला निकाल वेबसाइटच्या सर्व्हरला द्यायचा, अशी त्याची रचना होती. जाहिरातींवरील बनावट क्लिक, समाजमाध्यमांवरील खोटी खाती, खेळांतील लबाडी रोखणे हे त्याचे सांगितलेले हेतू होते. वेबसाइटनी या निकालावर पूर्ण विसंबू नये म्हणून ठरावीक टक्के वेळा तो मुद्दाम रोखून धरावा, अशी कल्पनाही लेखकांनी मांडली होती. आपण बांधत असलेल्या गोष्टीतून अडवणूक होऊ शकते, हे त्यांनाही दिसत होते, असाच याचा अर्थ होतो.

मोझिलाने उघड विरोध केला. ब्रेव्ह आणि विवाल्डी या गूगल क्रोमचाच पाया असलेल्या क्रोमियमवर उभ्या असलेल्या ब्राउझरांनीही आपला विरोध जाहीर केला. 2 नोव्हेंबर 2023 रोजी गूगलने प्रस्ताव मागे घेतला आणि अँड्रॉइड ॲपच्या आत दाखवल्या जाणाऱ्या वेबपानांपुरत्या मर्यादित, माध्यमांशी संबंधित प्रयोगाकडे वळत असल्याचे सांगितले. लोकांनी वेळीच आणि मुद्देसूद बोलल्याने एखादी गोष्ट थांबते, याचे हे अलीकडचे ठळक उदाहरण आहे, आणि पुन्हा तशी वेळ आल्यास ते विसरता कामा नये.

ॲपलच्या उपकरणांवर असे काही चालू आहे, असे ऐकले. ते खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. आयओएस 16 आणि मॅकओएस व्हेंचुरापासून “प्रायव्हेट ॲक्सेस टोकन” ही सोय आहे. उपकरण खरे असल्याची ग्वाही ॲपल देते, क्लाउडफ्लेअर किंवा फास्टलीसारखी, वेबसाइटची रहदारी हाताळणारी सेवा त्यावर टोकन (छोटा डिजिटल पास) जारी करते आणि वेबसाइटला ते टोकन दाखवले की चित्रे ओळखण्याचे कोडे सोडवावे लागत नाही. टोकनातून वेबसाइटला तुमची ओळख किंवा उपकरणाचा तपशील कळत नाही. सेक्युअर बूटची स्थिती तर नाहीच. टोकन नसले तर नेहमीचे कोडे समोर येते, इतकेच. कोड्याचा मार्ग खुला आहे तोवर ही सवलत आहे. तो मार्ग मुद्दाम अवघड करत नेला, तर हीच सवलत अट बनते, म्हणून या व्यवस्थेकडे लक्ष असू द्यावे.

माझ्या कार्यालयाची वेबसाइट घरच्या संगणकावर उघडत नाही. त्यामागे सेक्युअर बूट असू शकते का?

असू शकते, आणि येथे उत्तर ठाम आहे. संस्था आपल्या कर्मचाऱ्यांच्या संगणकांचे व्यवस्थापन मायक्रोसॉफ्ट इनट्यूनसारख्या साधनाने करतात, तेव्हा “सेक्युअर बूट चालू हवे” हा नियम त्यात घालता येतो. टीपीएमच्या साहाय्याने त्याची पडताळणी होते, नियम न पाळणारा संगणक “अनुरूप नाही” असा नोंदवला जातो आणि मग मेल, कागदपत्रे आणि अंतर्गत वेबसाइट यांचे दार त्याच्यासाठी बंद होते. गूगलच्या क्रोम एंटरप्राइझमध्येही उपकरणाच्या स्थितीचे संकेत प्रवेशाच्या निर्णयासाठी देण्याची व्यवस्था आहे. क्रोमबुकवर संस्थेला उपकरणाचे साक्षांकन मागता येते आणि डेव्हलपर मोडमध्ये (प्रणालीची मूळ तपासणी बंद करणाऱ्या स्थितीत) टाकलेले क्रोमबुक त्यात नापास ठरवता येते.

संगणक संस्थेचा असेल, तर यात गैर काही नाही; आपल्या मालमत्तेची स्थिती जाणून घेण्याचा मालकाला अधिकार आहे. तुमच्या स्वतःच्या संगणकाला मात्र हा नियम लावला जात असेल, तर कामासाठी संस्थेने संगणक द्यावा, अशी मागणी करणे रास्त आहे.

चित्रपट आणि खेळांच्या बाबतीत काय स्थिती आहे?

चित्रपटांची गोष्ट थोडी निराळी आहे. ब्राउझरमधील संरक्षित व्हिडिओसाठीचे ईएमई हे मानक सप्टेंबर 2017 मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची शिफारस बनले. त्यामागे वाइडवाइन किंवा प्लेरेडी यांसारखी, व्हिडिओची नक्कल रोखणारी प्रणाली असते आणि तिची पातळी पाहून सेवा कमी किंवा जास्त स्पष्टतेचे चित्र देते. हे साक्षांकनाचेच एक रूप आहे, पण संगणकावर त्याची भिस्त मुख्यतः ग्राफिक्स चिपमधील संरक्षित मार्गावर असते. सेक्युअर बूटवर नव्हे.

खेळांनी मात्र सरळ अट घातली आहे. व्हॅलोरंटचे व्हँगार्ड हे लबाडीविरोधी सॉफ्टवेअर 2021 पासून विंडोज 11 वर टीपीएम 2.0 आणि सेक्युअर बूट मागते, आणि 2025 मध्ये आलेल्या बॅटलफील्ड 6 नेही सेक्युअर बूट सक्तीचे केले. ही ॲप्लिकेशने आहेत, वेबसाइट नव्हेत. पण संगणकाच्या मालकाने फर्मवेअरमध्ये जाऊन सेटिंग बदलावे आणि नंतरच आमच्याकडे यावे, ही मागणी लाखो लोकांनी मान्य केली, हे वास्तव इतर क्षेत्रांतील मंडळीही पाहत आहेत.

मोबाइलवर हे आधीच घडले आहे, असे म्हणतात ते का?

कारण ते घडले आहे. अँड्रॉइडवर आधी सेफ्टीनेट आणि आता प्ले इंटिग्रिटी या सेवेमार्फत ॲपला फोनच्या बूटलोडरचे कुलूप उघडलेले आहे का, प्रणाली मूळचीच आहे का, याचा निकाल मिळतो. वरच्या पातळीच्या निकालासाठी चिपमधील किल्लीचा पुरावा लागतो. अनेक बँकिंग ॲप या निकालावर विसंबतात. परिणामी नियमित सुरक्षा अपडेट मिळणारी पर्यायी प्रणाली बसवलेला फोन नाकारला जातो, आणि निर्मात्याने कित्येक वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलेला, एकही अपडेट न मिळणारा फोन मात्र बहुतेक वेळा पास होतो. सुरक्षेच्या नावाखाली मोजली जाणारी गोष्ट प्रत्यक्षात कोणती, हे या एका तुलनेत पुरेसे दिसते. तेथे वेबसाइट हा सुटकेचा मार्ग उरतो. ॲप चालले नाही तरी ब्राउझरमधून काम होते. वेबवर साक्षांकन आले, तर तो मार्गही जाईल, आणि माझ्या मते या सर्व विषयातील खरी चिंता हीच आहे.

सेक्युअर बूट चालू आहे म्हणजे संगणक निर्धोक आहे, असे वेबसाइटने मानले तर ते योग्य ठरेल का?

नाही. सेक्युअर बूट फक्त सुरुवातीची साखळी तपासते. विंडोज सुरू झाल्यावर तुम्ही स्वतः उघडलेल्या फाइलमधून आलेला पासवर्डचोर प्रोग्रॅम त्याच्या कक्षेत येतच नाही. शिवाय ती साखळीही अभेद्य नाही. जुलै 2020 मध्ये उघड झालेल्या बूटहोल या दोषाने लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या ग्रब बूटलोडरमार्फत तिला वळसा घालता येत होता. 2023 मध्ये ब्लॅकलोटस हा मालवेअर पूर्ण अपडेट केलेल्या विंडोज 11 वरही सेक्युअर बूट ओलांडून जात असल्याचे आढळले; दोष दुरुस्त झाला होता, पण सदोष जुन्या फाइलींवरील स्वाक्षऱ्या रद्द झाल्या नव्हत्या. जुलै 2024 मध्ये पीकेफेल प्रकरणात संगणकांच्या शेकडो मॉडेलांत “विश्वास ठेवू नका” असे नावातच लिहिलेली चाचणीची किल्ली मुख्य किल्ली म्हणून विकली गेल्याचे समोर आले. या सर्व संगणकांनी “सेक्युअर बूट चालू” असेच उत्तर दिले असते.

उलट बाजूनेही हा निकष कुचकामी आहे. बनावट खाती चालवणाऱ्याला शंभर अस्सल संगणक विकत घेण्यापासून कोणी रोखत नाही. अडतो तो एकुलता एक जुना संगणक सांभाळून वापरणारा माणूस.

मी लिनक्स वापरतो. मला जास्त काळजी करावी लागेल का?

सेक्युअर बूटपुरती नाही. मॅथ्यू गॅरेट यांनी 2012 मध्ये तयार केलेल्या शिम या छोट्या बूटलोडरवर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असते आणि तो पुढे लिनक्सच्या वितरणाच्या (तयार स्वरूपात मिळणाऱ्या आवृत्तीच्या) स्वतःच्या किल्लीने ग्रब व कर्नल (प्रणालीचा गाभा) तपासतो. फेडोरा, उबुंटू यांसारखी प्रमुख वितरणे याच मार्गाने सेक्युअर बूट चालू ठेवून चालतात. स्वतःच्या किल्ल्या तयार करून फर्मवेअरमध्ये घालणेही बहुतेक संगणकांवर शक्य आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते अधिक काटेकोर आहे.

साक्षांकन आले तर मात्र प्रश्न “चालू की बंद” एवढ्यावर थांबणार नाही. सातवा पीसीआर कोणाच्या किल्लीने बूट झाले, तेही सांगतो. तुमची स्वतःची किल्ली कितीही जपून ठेवलेली असली, तरी परक्या सर्व्हरच्या यादीत ती नसणार. स्वतःच्या संगणकाची सर्वाधिक काळजी घेणाराच माणूस त्या यादीबाहेर राहील.

आभासी मशीन वापरून वेबसाइटची दिशाभूल करता येईल का?

नुसती स्थिती विचारली जात असेल तर येईल, कारण आभासी मशीनमध्येही (सॉफ्टवेअरने संगणकाच्या आत उभ्या केलेल्या संगणकातही) सेक्युअर बूट आणि आभासी टीपीएम असतात. चिप बनवणाऱ्याच्या प्रमाणपत्रापर्यंत पडताळणी होत असेल, तर आभासी टीपीएम तेथे उघडे पडेल.

पासकी वापरल्याने ही माहिती बाहेर जाते का?

जात नाही. पासकीमागील (पासवर्डऐवजी उपकरणातील किल्लीने लॉगिन करण्याच्या सोयीमागील) वेबऑथन या मानकातही साक्षांकन हा शब्द येतो, पण ते किल्ली कोणत्या प्रकारच्या साधनात आहे एवढ्यापुरते असते, आणि वेबसाइटने मुद्दाम मागितल्याशिवाय ते दिलेही जात नाही. 2024 मध्ये गूगलने मांडलेली, लॉगिनच्या कुकी उपकरणातील किल्लीशी बांधण्याची पद्धतही टीपीएम वापरते. तिचा उद्देश चोरलेली कुकी दुसऱ्या संगणकावर निरुपयोगी करणे हा आहे आणि संगणक कसा सुरू झाला हे ती वेबसाइटला सांगत नाही. टीपीएमचा प्रत्येक वापर संशयास्पद मानणे चुकीचे ठरेल. किल्ली जपणारी चिप उपयोगाचीच आहे. मालकाविरुद्ध साक्ष देणारी चिप हा वादाचा विषय आहे.

माझ्या संगणकातील स्थिती कशी पाहावी? आणि बंद असेल तर चालू करावे का?

विंडोजवर विंडोज की आणि आर एकत्र दाबून एमएसइन्फो32 चालवावे. उघडणाऱ्या सिस्टिम इन्फर्मेशनच्या पहिल्याच पानावर “सेक्युअर बूट स्टेट” अशी ओळ असते आणि तिच्यासमोर ऑन, ऑफ किंवा अनसपोर्टेड यांपैकी एक शब्द दिसतो. लिनक्सवर मोकयुटिल हे साधन हीच माहिती देते.

शक्य असेल तर चालू ठेवावे, कारण बूटच्या आधी घुसणाऱ्या मालवेअरला त्याने खरोखर अडथळा होतो. चालू करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: संगणक जुन्या बायॉस पद्धतीऐवजी यूईएफआय पद्धतीने सुरू होत आहे ना, आणि विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने डिस्क कूटबद्ध असेल तर तिची पुनर्प्राप्ती किल्ली हाताशी आहे ना. फर्मवेअरमधील हे सेटिंग बदलले की सातव्या पीसीआरची किंमत बदलते आणि बिटलॉकर ती किल्ली मागू शकतो. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका अपडेटने रद्द यादी बदलल्यावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईना, हेही लक्षात असू द्यावे. तुमच्या संगणकावर एखादे सही नसलेले ड्रायव्हर किंवा जुनी प्रणाली आवश्यक असेल, तर ते बंद ठेवणे हा तुमचा वैध निर्णय आहे.

उद्या एखाद्या सार्वजनिक सेवेच्या वेबसाइटने खरोखरच अशी अट घातली, तर काय करावे?

प्रथम ती अट खरोखर कोणती आहे हे लेखी विचारावे. “आपले उपकरण समर्थित नाही” या संदेशामागे बहुतेक वेळा ब्राउझरची जुनी आवृत्ती किंवा एखादे एक्स्टेन्शन असते. अट साक्षांकनाचीच असल्याचे स्पष्ट झाले, तर पर्यायी मार्ग मागावा: हार्डवेअर किल्ली, पासकी, मोठ्या व्यवहारासाठी वेगळी पुष्टी. माणसाची ओळख पटवण्यासाठी हे पर्याय बूटच्या स्थितीपेक्षा कितीतरी सरस आहेत, आणि सेवेच्या सुरक्षा विभागाला हा मुद्दा समजतो. ब्राउझर बनवणाऱ्यांच्या आणि मानके ठरवणाऱ्या संस्थांच्या चर्चा खुल्या असतात. तेथे आपली प्रत्यक्ष अडचण, कोणता संगणक, कोणती प्रणाली आणि नेमके कोणते काम अडले या तपशिलासह मांडावी.